हॅलो, बेडरूममधून बोलतेय!

पुढच्या वेळी आईबाबांच्या घरी जाल तेव्हा एक काम करा. मेन डोअरच्या वर, नाहीतर हॉलच्या खिडकीच्या कोपऱ्यात जरा नजर टाका. काडेपेटीपेक्षा थोडा मोठा, पिवळट पडलेला एक प्लॅस्टिकचा डबा दिसेल. घराला जितक्यांदा रंग लागला तितक्यांदा पेंटरनं त्याच्यावरूनही ब्रश फिरवलेला असेल. त्यातून निघालेली बारीक वायर केसिंग पट्टीतून, दाराच्या चौकटीवरून बेडरूममध्ये जाते. आणि बाबांनी हौसेनं लावून घेतलं असेल तर किचनमध्येही! या डब्याला लाइनमन मंडळी 'रोझेट' म्हणतात. नाव एकदम रोमँटिक, नाही?

एकेकाळी ही वायर म्हणजे घराचा सॉलिड स्टेटस सिम्बॉल होता. फोनसाठी वर्षानुवर्षं वेटिंग लिस्ट असायची. ओवायटीत जास्तीचे पैसे भरून लोक नंबर लावायचे. आणि एकदाचा फोन आला की काही दिवसांत 'पॅरलल' टाकून घ्यायचे. म्हणजे हॉलमध्ये एक फोन, आत दुसरा, नंबर एकच. त्या पॅरललनं किती प्रेमप्रकरणांची वाट लावली असेल देव जाणे. आतला रिसीव्हर हळूच उचलल्याचा तो 'खट्' आवाज ज्यांनी ऐकलाय, त्यांना वेगळं सांगायला नको.

आता कट टू आज. घरी फायबर आलंय. इंटरनेट, ओटीटी आणि वर लँडलाइन फुकटात, असं पॅकेज. कंपनीचा मुलगा येतो, टीव्हीच्या बाजूला एक पांढरा डबा ठोकतो, त्याच्या मागे फोनची पिन खोचतो, टोन ऐकवतो आणि सही घेऊन निघून जातो. फोन चालू! फक्त टीव्हीच्या बाजूला. बेडरूमचा फोन तेव्हापासून मुका.

तुम्ही म्हणाल, मग काय झालं? लँडलाइन वापरतंय कोण? आपण नाही वापरत, मान्य. आपल्याला तिथं फक्त क्रेडिट कार्डवाल्यांचे फोन येतात. पण सत्तरीच्या आईबाबांचं गणित निराळं असतं. त्यांचा मोबाइल एकतर सायलेंटवर असतो, नाहीतर किचनमध्ये चार्जिंगला, नाहीतर कालच्या पर्समध्ये. लँडलाइन मात्र असते तिथंच असते. तिला चार्जिंग लागत नाही, अपडेट मागत नाही, सोफ्याच्या फटीत जात नाही. रात्री दोन वाजता छातीत धडधडलं तर अंधारात हात लांब करून उचलता येईल अशी घरात एकच गोष्ट असते : उशाशी असलेला वायरचा फोन. आणि तोच नेमका आपण फायबरच्या आनंदात बंद करून टाकतो.

माझी एक मैत्रीण ठाण्यात राहते, तिची बहीण न्यू जर्सीला. ही बहीण तिकडची कामं उरकून फोन करते तेव्हा इकडे आईची झोपायची वेळ झालेली असते. फायबर आल्यापासून आई गुडघे धरत हॉलपर्यंत यायची. तोवर रिंग थांबलेली. मैत्रीण वैतागली, तर आईचं ठरलेलं उत्तर, "अगं राहू दे गं. मी उठते ना." फायबरच्या मुलाला विचारलं तर तो म्हणाला, "मॅडम, फोन इथंच लागणार. आतलं वायरिंग जुनं झालं, ते नाही चालत." सॉरी बॉस, चालतं! भिंतीतली ती जुनी वायर बहुतेक वेळा ठणठणीत असते. तिच्यात टोन सोडणारं कोणी राहिलेलं नसतं, एवढंच.

यामागचा फंडा अगदी सोपा आहे. जुन्या पद्धतीत एक्स्चेंजमधून तांब्याच्या दोन तारा घरी यायच्या. त्यांच्यावर कायम ४८ व्होल्टच्या आसपास डीसी दाब असायचा आणि रिंग वाजायच्या वेळी त्यावर ७५ ते ९० व्होल्टचा एसी करंट चढायचा. घरातले सगळे फोन त्या दोन तारांवर शेजारीशेजारी लटकलेले. आता फायबरच्या डब्याच्या, म्हणजे ओएनटीच्या मागे फोनचं जे छोटं भोक असतं ना, ते हेच सगळं काम घरच्या घरी करतं. तोच दाब, तीच रिंग, तोच टोन. तुमचा आवाज आकड्यांत कापून इंटरनेटच्या भाषेत पाठवायचं काम आत गुपचूप चालतं. आपल्या फोनला वाटतं, आपण अजून एक्स्चेंजलाच जोडलेलो आहोत. थोडक्यात, तो डबा म्हणजे टीव्हीशेजारी बसलेलं बोटभर एक्स्चेंज. मग हे एक्स्चेंज घरातल्या कुठल्याही एका सॉकेटमध्ये जोडलं, तर टोन वायरमधून उलटा प्रवास करत बाकी सगळ्या सॉकेट्सवर पोहोचायला हवा. आणि पोहोचतोच!

पण (हा 'पण' फार मोठा आहे) त्याआधी बाहेरून येणारी जुनी जोडी तोडायलाच हवी. तोडायची म्हणजे डिस्कनेक्ट करायची. ही पायरी गाळली तर तुमच्या डब्याचं छोटं एक्स्चेंज आणि बाहेरचं मोठं एक्स्चेंज एकाच वायरवर आमनेसामने येतात. बाहेरून रिंगचा झटका आला की नव्याकोऱ्या डब्याचा फोन पोर्ट जळू शकतो. "आमची जुनी लाइन कधीच बंद केली," असं सांगून सुटका होत नाही. टोन नाही याचा अर्थ वायरमध्ये काहीच नाही, असा होत नाही. ती जोडी अजून एक्स्चेंजच्या एखाद्या कार्डावर टांगलेली असू शकते, उद्या चुकून दुसऱ्याच कुणाला दिली जाऊ शकते. आणि काहीच नसलं तरी खांबावरून आलेली ती तांब्याची लांबलचक तार पावसाळ्यात आसपास पडलेल्या विजेचा धक्का थेट घरात आणते. तेव्हा तिचा निरोप समारंभ आधी.

इंटरनेटवर याचे ढिगानं व्हिडिओ आहेत, पण बहुतेक अमेरिकन. तिकडे घराच्या बाहेरच्या भिंतीवर एक राखाडी पेटी असते, तिची ग्राहकाच्या बाजूची झडप उघडून प्लग ओढला की घर कंपनीपासून वेगळं. तिथल्या देशी मंडळींनी व्होनेजसारख्या कंपन्यांचे अडॅप्टर असेच घरभर जोडले. २००९ मध्ये व्होनेजनं भारतात अमर्याद कॉल देणारा प्लॅन काढला, तेव्हा तर विचारूच नका. आपल्याकडे ती राखाडी पेटी शोधत जिन्यात फिरू नका. जिन्यातली किंवा कंपाउंडमधली जी डीपी असते ती कंपनीची. तिला हात लावायचा नाही. त्यात शेजारच्या कुलकर्णी काकांची लाइनही असते आणि ती गेली तर काका तुम्हाला सोसायटीच्या मीटिंगमध्ये सोडणार नाहीत.

आपलं काम घरातल्या पहिल्या रोझेटवर. बाहेरून आलेली जाड, बहुधा काळी वायर जिथं पहिल्यांदा घरात शिरते तो डबा. सुरुवात करण्यापूर्वी ओएनटीची फोनची पिन काढून ठेवा आणि बाहेरची लाइन अजून चालू असेल तर स्क्रूला ओल्या हातानं शिवू नका, रिंग त्याच वेळी आली तर चांगला झटका बसतो. झाकण उघडलं की स्क्रूंखाली दाबलेल्या तारा दिसतील. बाहेरची जोडी कुठली आणि आत जाणारी कुठली, हे आधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा. मग बाहेरच्या दोनच तारा सोडवायच्या, दोन्ही टोकांना वेगवेगळी इन्सुलेशन टेप गुंडाळायची आणि त्या डब्याच्या बाहेर काढून ठेवायच्या. त्यावर कागदाची चिठ्ठी चिकटवा : 'बाहेरची लाइन, जोडू नये.' ही चिठ्ठी तुमच्यासाठी नाही. दोन वर्षांनी एखादा उत्साही इलेक्ट्रिशियन येईल आणि "साहेब, वायर सुटली होती, लावून टाकली," म्हणेल, त्याच्यासाठी आहे.

आता सगळी सॉकेट्स मल्टिमीटरनं तपासा. चारपाचशे रुपयांत साधा मल्टिमीटर मिळतो आणि घरात असावाच. डीसीवर ठेवून दोन तारांवर लावला आणि शून्य आलं की वायर आपली. चाळीस-पन्नास आलं तर अजून कुठूनतरी बाहेरची जोडी शिरतेय. जुन्या फ्लॅट्समध्ये कधीकाळी दोन लाइन असायच्या, एक घराची आणि एक बाबांच्या ऑफिसनं दिलेली. इथंच आणखी एक लोचा असतो, सोसायटीचा इंटरकॉम! वॉचमनच्या केबिनमधून येणारी ती जोडीही अगदी अशीच दिसते, कित्येकदा त्याच पट्टीतून येते आणि तिच्यावर तिच्या छोट्या एक्स्चेंजचा दाब असतो. ती आपल्या वायरिंगमध्ये मिसळू द्यायची नाही. आणि पट्टीत टेलिफोनच्या वायरसोबत लाइटची वायर दिसली तर शौर्य बाजूला ठेवून इलेक्ट्रिशियनला बोलवा. २३० व्होल्टशी थट्टा नाही.

एवढं झालं की पुढचं काम पाच मिनिटांचं. आधी एक फोन थेट ओएनटीच्या फोन पोर्टला लावून टोन ऐका. डब्यावर 'फोन', 'टेल' किंवा 'पॉट्स' असं काहीतरी लिहिलेलं असतं. इथंच टोन नसेल तर भिंतीचा दोष नाही, कंपनीला फोन करा. टोन आला तर दोन्ही टोकांना पिना असलेली साधी टेलिफोन केबल घ्या. एक टोक ओएनटीला, दुसरं हॉलच्या सर्वात जवळच्या सॉकेटला. हॉलमध्येही फोन हवा असेल तर एकाचे दोन करणारा छोटा स्प्लिटर मिळतो. बस्स. केबल, स्प्लिटर आणि टेप मिळून दोनशेच्या नोटेत काम होतं.

मग एक फोन हातात घेऊन घरभर फिरा. प्रत्येक सॉकेटला लावा, टोन ऐका, मोबाइलवरून रिंग देऊन बघा.

पहिल्याच झटक्यात सगळं चाललं तर नशीबवान आहात. नाही चाललं तर बहुतेक वेळा गुन्हेगार रोझेटच असतो. पंचवीस पावसाळे पाहिलेल्या त्या स्क्रूंवर हिरवट थर साचलेला असतो. तारेचं टोक अर्धा इंच कापून, नव्यानं सोलून पुन्हा घट्ट बसवलं की एखादी मेलेली खोली जिवंत होते. खरखर किंवा घूं असा आवाज येत असेल तर कुठंतरी जोड ढिला आहे. आणि सॉकेटला पिन लावताच सगळ्याच खोल्यांतला टोन गेला तर दोन तारा कुठंतरी एकमेकींना चिकटल्या आहेत. अशा वेळी एकेक खोली सोडवत जा, ज्या खोलीला सोडलं की टोन परत येतो तिथं घोळ. जुन्या ब्रॉडबँडच्या काळातला एखादा फिल्टर मध्येच लटकत असेल तर तोही काढा, त्याची नोकरी संपली. एखाद्या खोलीपर्यंतची वायर आतून तुटलेली निघाली तर मात्र नाद सोडा. कार्पेटखालून नवी ओढायला एक वीकएण्ड लागतो.

किती फोन लावायचे यालाही लिमिट आहे. एक्स्चेंजमध्ये दम होता, पाच फोन एकदम वाजवायचं. हा डबा तितका पहिलवान नाही. प्रत्येक फोनच्या खाली रिंगसाठी लागणाऱ्या ताकदीचा आकडा लिहिलेला असतो. जुन्या घंटीवाल्या फोनचा साधारण एक, आजच्या इलेक्ट्रॉनिक फोनचा त्याहून कमी. इंटरनेट फोनचे डबे साधारण तीन ते पाच आकड्यांपर्यंत पेलतात, काही छोटे त्याहून कमी. दोन-तीन साध्या फोनना काही प्रॉब्लेम येत नाही. आजोबांचा तो जड काळा, गोल डायलचा फोन शोपीस म्हणून जोडायची आयडिया एकदम सही, वाजेलही मस्त. पण त्यावरून नंबर फिरवायला जाल तर अनेक डब्यांना ते कळतच नाही. त्यांना बटणांचा पींपीं आवाजच समजतो.

नेटचा स्पीड खाल्ला जाईल का, हा ऑफिसमध्ये हमखास येणारा प्रश्न. एका कॉलला जाऊन-येऊन दोन्ही दिशांना प्रत्येकी जास्तीत जास्त शंभरेक केबीपीएस लागतात. शंभर एमबीपीएसच्या लाइनीला त्याचा पत्ताही लागत नाही. शिवाय कंपन्या फायबरवर आवाजाला सहसा वेगळी लेन देतात, त्यामुळे तुमची सिरीज सुरू असताना आईचा फोन तुटत नाही.

आता ज्या गोष्टीबद्दल फायबरचा मुलगा चकार शब्द काढत नाही, ती. वीज! जुन्या लाइनला करंट एक्स्चेंजच्या बॅटऱ्या पुरवायच्या. घरात अंधार गुडूप, पण फोनला टोन असायचा. आता टोन तयार होतो तुमच्या टीव्हीशेजारी, म्हणजे तुमच्या प्लगवर. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास मुंबईची वीज गेली आणि काही भागांत ती तासन्‌तास आली नाही. वर्क फ्रॉम होमचे ते दिवस, त्यामुळे तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. तशा वेळी उशाशी फोन आहे आणि त्यात टोन नाही, ही परिस्थिती सगळ्यात वाईट, कारण आई त्या फोनवर विसंबून असते. उपाय स्वस्त आहे. बहुतेक ओएनटी १२ व्होल्टच्या अडॅप्टरवर चालतात, त्यांच्यासाठी वहीएवढा मिनी यूपीएस मिळतो, काही तास काढतो. घरी इन्व्हर्टर असेल तर त्या प्लगला इन्व्हर्टरची लाइन द्या. पण व्होल्टेज आणि अँपिअरचे आकडे अडॅप्टरवरून वाचून मगच यूपीएस घ्या. आणि राउटर वेगळा असेल आणि फोन त्याच्यामागे लागला असेल, तर यूपीएस दोघांनाही हवा. खरं सांगायचं तर, आईबाबा एकटे राहत असतील तर यूपीएस आधी घ्या, वायरिंगचा पराक्रम नंतर करा.

नंबरचं काय? मोबाइलमध्ये २०११ पासून कंपनी बदलली तरी नंबर आपलाच राहतो. लँडलाइनला ती सोय नाही. म्हणजे तीस वर्षं सगळ्या नातेवाइकांना पाठ असलेला नंबर दुसऱ्या कंपनीच्या फायबरवर आणता येत नाही. त्याच कंपनीच्या फायबरवर जायचं असेल तर तो राहू शकतो, बीएसएनएलकडे तशी सोय आहे. त्यामुळे जुनी लाइन सरेंडर करण्याचा फॉर्म भरण्याआधी विचारा. एकदा गेलेला नंबर परत मागायला गेलात तर काउंटरवरचा माणूस फक्त सहानुभूती दाखवेल. बँक, गॅस आणि सोसायटीच्या वहीत कुठला नंबर आहे तेही त्याच वेळी बघून घ्या.

अमेरिकेतल्या चुलतभावानं पाठवलेला अडॅप्टर इथं लावू का, असंही बरेच जण विचारतात. नका लावू. आपल्याकडे इंटरनेट टेलिफोनीला १ एप्रिल २००२ पासून मर्यादित परवानगी मिळाली, पण इथल्या साध्या फोन नंबरांशी ती जोडायची म्हटलं की लायसन्सचे नियम येतात. २०१८ मध्ये दूरसंचार खात्यानं इथल्या लायसन्सधारक कंपन्यांसाठी तो रस्ता मोकळा केला. तेव्हा इथल्याच कंपनीचं कनेक्शन घ्यावं आणि निवांत झोपावं.

हे सगळं वाचून 'कोण करत बसणार' असं वाटत असेल तर कॉर्डलेस फोन घ्या. बेस ओएनटीजवळ, हँडसेट आत. नव्या फ्लॅटमध्ये टेलिफोनची वायरच नसते, तिथं हाच मार्ग. मला स्वतःला आईबाबांच्या पिढीसाठी वायरचाच फोन पटतो. कॉर्डलेस रात्री बेसवर ठेवायचा राहून जातो आणि सकाळी त्याची बॅटरी संपलेली असते. तुमच्या आईचा स्वभाव तुम्हाला माहीत.

ठाण्याच्या घरी हे काम रविवारी दुपारी चहाच्या आधी उरकलं. बेडरूमच्या सॉकेटची एक तार गंजली होती, ती कापून परत लावली. आईला दोनच गोष्टी शिकवाव्या लागल्या. मोबाइलला फोन करताना नंबरच्या आधी शून्य लावायचा, १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून तसा नियम आहे. आणि नंबर फिरवायला वेळ वाचावा म्हणून दोन्ही मुलींचे नंबर १ आणि २ या बटणांवर भरून ठेवले. धाकटी न्यू जर्सीची, ती २ वर. १ वर कोण यावरून थोडी वादावादी झाली, पण ठाण्यातली जिंकली.